गाठीतला उजेड

ओल्या सुतळीचा वास आला की पिंपळगावजवळच्या आमच्या मळ्यातली ती दुपार आठवते. ताई परदेशात बाळंत झाली होती आणि व्हिडिओ कॉलवर बाळाचं तोंड काही केल्या धड दिसत नव्हतं. चित्र फुटायचं, आवाज तुटायचा. आई अगदी रडकुंडीला आलेली. शेवटी इंटरनेट जोडणारा आला. इंटरनेटची पिवळी वायर आमच्या घरात द्राक्षाच्या मांडवावरून यायची. त्याने वायरच्या घरातल्या टोकाला पेनाएवढी, लाल उजेडाची बॅटरी लावली आणि आम्ही वायर धरून मांडवाखाली शिरलो. आत गार, हिरवा अंधार, पानांवर औषधाचे निळे ठिपके, आणि एका खांबापाशी वायर निखाऱ्यासारखी लाल पेटलेली! वाऱ्याने लोंबते म्हणून आईनेच ती दुमडून, वेलीची काडी बांधावी तशी सुतळीने गच्च आवळली होती. "आत केसाएवढी काच हाय, मावशी. लय वाकवली की उजेड बाहेर सांडतो," तो म्हणाला. त्याने फवारणीने ओली झालेली गाठ सोडली, वायर सैल केली आणि लाली विझली. "अरे, गेला ना उजेड!" आई घाबरली. "गेला नाय, आता आतून पुढं चाललाय." घरात येऊन त्याने बॅटरी काढून वायर परत जोडली, आम्ही फोन लावला, तर बाळ जांभई देत होतं, ओठावरचा दुधाचा थेंबसुद्धा दिसला. आईने पडद्यावरून बोट फिरवलं, मग खिडकीतून मांडवाकडे बघत राहिली. आजही ताईचा फोन चालू असला की मी त्या खांबापाशी जाऊन उभा राहतो. तिथे काहीच दिसत नाही, सगळा उजेड आतून चाललेला असतो, आणि अंगावर काटा येतो.