बादलीतला गोठलेला रस

गेल्या वर्षी मी पत्नीशी खोटे बोललो आणि ते वर्षभर लपवले. कॅनडातल्या आमच्या परसात मेपलचे झाड आहे. त्याचा रस ती बादलीत जमवते आणि आटवून पाक करते. त्या सकाळी बादलीत बर्फाचा जाड थर धरला होता. दारातून ती म्हणाली, “अहो, वरचा बर्फ तेवढा काढून टाका, ते नुसतं पाणी. गोड रस खाली राहतो. आणि सांडू नका हं, नेहमीसारखा!”

त्या ‘नेहमीसारखा’ने माझे डोके फिरले. मी अख्खी बादली उपडी केली आणि शांतपणे सांगितले, “सगळाच गोठला होता.”

“मेली थंडीच तशी,” ती म्हणाली.

लोक मला शांत म्हणतात, तेव्हा माझाच मला संताप येतो. ओरडणाऱ्याचा राग निदान ऐकू तरी येतो. माझा राग आवाज न करता दुसऱ्याचे कष्ट मातीत घालतो आणि वर सभ्य म्हणून मिरवतो.

आज बर्फ बाजूला काढताना ती हसून म्हणाली, “यंदा तरी रस हाती लागला.”

“गेल्या वर्षीही लागला असता,” मी म्हणालो. “तो गोठला नव्हता. मीच रागाने ओतून दिला. माझं चुकलं गं.”