टिपणीस सरांचं गप्प बसणं

टिपणीस सर गेल्याचं कळलं तेव्हा मी नौपाड्यात न्हाव्याच्या खुर्चीत होतो, एका गालावर फेस. तसाच उठलो. गुरूच्या अंत्ययात्रेला अर्धी दाढी करून गेलेला इसम ठाण्यात मीच एकटा असेन... त्याला आता महिना झाला. अजूनही दुपारी डोळा लागला की ती दोन मैदानं एकमेकांत मिसळून दिसतात. डोंबिवलीचं सकाळचं, दवानं ओलसर, आणि वागळे इस्टेटमधलं संध्याकाळचं, धुरानं तांबूस झालेलं. चेंडूचा आवाज मात्र दोन्हीकडे एकच.

ऐंशीच्या दशकात सर दोन्हीकडे बास्केटबॉल शिकवत. सकाळी डोंबिवलीतल्या शाळेच्या मुली. त्यांच्यावर तासभर असे कडाडत की झाडावरचे कावळे उडत. संध्याकाळी एका कारखान्यातले कामगार. तिथे खांबाशी खुर्ची टाकून बसत आणि तासाभरात जेमतेम तीन वाक्यं बोलत. मी त्यांचा मदतनीस, वय तेवीस, अक्कल त्याहून बरीच लहान. मला वाटायचं, म्हातारा सगळं उलटं करतोय. पोरींशी गोडीनं बोलावं, दांडग्या गड्यांना दमात घ्यावं, एवढं साधं कळू नये?

मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि पंधरा दिवस दोन्ही संघ माझ्या ताब्यात आले. मी ताबडतोब चूक सुधारायला घेतली. तिसऱ्या संध्याकाळी भोईरनं, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या आमच्या कप्तानानं, चेंडू माझ्या पायाशी आणून ठेवला. "आठ तास फोरमन बोंबलतो, कोचसाहेब. इथंपण तेच ऐकायचं तर घरीच जातो ना." आणि अख्खा संघ चालता झाला. सामना आठ दिवसांवर आलेला. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत मी 'छान हं, बाळांनो' करत होतो, तर मुलींची कप्तान वैशाली म्हणाली, "दादा, घरी सगळे आम्हाला जपूनच वागवतात. सर ओरडतात तेव्हा वाटतं, हा माणूस आपल्याकडून काहीतरी मागतोय."

सरांकडे गेलो ते खोटं बोलायचं पाठ करून. पण डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते असे शांत बसलेले की सगळं खरंच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. उद्या चेंडू घेऊन कारखान्याच्या गेटवर उभा राहा, म्हणाले. "आणि तोंड उघडू नकोस."

माझ्यासाठी ही शिक्षाच. भोंगा झाला, माणसं बाहेर पडू लागली. भोईर मला पाहून पुढे गेला, मग परत आला. माझ्या तोंडात तीन माफ्या आणि एक विनोद तयार होता. सगळं गिळलं. त्यानं माझ्या हातातून चेंडू काढून घेतला आणि मैदानाकडे वळला. मागोमाग बाकीचे... सामना आम्ही हरलो, पण संघ राहिला.

पुढे एकदा सरांना विचारलं, तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत, ते का? म्हणाले, "तू स्वतःलाच इतका हसतोस, मी मधे कुठं शिरू? कधीतरी थांब, मग बघू."

परवा त्यांच्या घरी सगळे जमलेले. बाहेरच्या खोलीत एका बाजूला डोंबिवलीच्या मुली, आता लेकुरवाळ्या, कुणाला सरांनी काय सुनावलं ते मोठमोठ्यानं सांगत होत्या. दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून भोईर आणि मंडळी, एक अक्षर नाही. मी दारात उभा. सवयीनं काहीतरी गमतीचं बोलायला गेलो... आणि काही आलंच नाही. भोईर जरासा सरकला. मी जाऊन बसलो.