नुसतं अंगण ओलं झालंय

चिपळूणला पूर आला तेव्हा मी परदेशात, शॅननमध्ये, एकटाच लॅपटॉपवर मराठी बातम्या बघत बसलो होतो. बातमीदार बुडत असल्यासारखा ओरडत होता, आणि त्याच्या मागून एक बाई आरामात चालत गेली. पाणी जेमतेम तिच्या घोट्यापर्यंत. असल्यांवर कोण विश्वास ठेवणार? वैतागून मी लॅपटॉप मिटला आणि चिपळूणला आईला फोन लावला.

"काही नाही रे, नुसतं अंगण ओलं झालंय," ती म्हणाली.

नंतर कळलं की ती तेव्हा शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होती. तेव्हापासून मी ठरवलं, बातमीदाराचं निम्मं सोडून द्यायचं आणि आईचं दहापट धरायचं.

हिवाळ्यात इथे वादळ आलं. दुपारीच वीज गेली, हीटर बंद पडला. मी कोट घालून अंधारात बसलो होतो. आठवडाभर कुणाशी मराठीत बोललो नव्हतो. तेवढ्यात आईचा फोन आला.

"तिकडचं वादळ टीव्हीवर दाखवतायत."

"टीव्हीवाल्यांचं काय ऐकतेस? इथे थोडा वारा आहे, बस."

आई म्हणाली, "मेणबत्ती तरी आहे ना घरात?"