ठेसनावरचं गाऱ्हाणं

रत्नागिरीपासून चार कोसांवरच्या एका गावाच्या सड्यावर ठेसन होतं, पण आगगाडी नव्हती. हसू नका. ज्याच्या जमिनीवर ते उभं राहिलं, त्या महिपतला कधी हसू आलं नाही.

महिपत खोतांचं कूळ. सडा म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ. गवताखेरीज काही उगवायचं नाही. महिपतनं आणि त्याच्या बायकोनं, काशीनं, नदीकाठची माती डोक्यावरून वाहून तिथे नाचणीचा एक तुकडा तयार केला. सव्वीस साली आगगाडीच्या पाहणीचे साहेब आले आणि त्यांना नेमका तोच तुकडा पसंत पडला. हरिहरपंत खोत म्हणाले, "सोड रे जमीन. गाडी आली की तुझे भाऊ पावसाळ्यातसुद्धा मुंबईहून घरी येतील." पावसाळ्यात बोटी बंद, आई गेली तेव्हा दोघे भाऊ पोचले नव्हते. महिपत विरघळला. पुढे त्याला स्वतःचाही राग यायचा, तो ह्यासाठी.

दोन खोल्या आणि लांबलचक फलाट बांधून झाला. मग वरून काय हुकूम आला कोण जाणे, साहेबांनी गाशा गुंडाळला. आता जमीन ज्याची त्याला परत मिळायला हवी होती की नाही? ती गेली खोतांच्या घशात. त्यांनी ठेसनाला कुलूप ठोकलं आणि आतमध्ये आंब्याची वखार केली. महिपत त्यांच्या ओटीसमोर उभं राहून राहून थकला. "बघू, बघू," एवढंच उत्तर. गावातले लोक रात्री त्याच्या अंगणात बसून खोतांना शिव्या घालायचे आणि सकाळी त्यांच्याच आंब्यांच्या पेट्या वाहायचे.

एकतीसच्या शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरत ठेसनावर आली. खोतांनीच बोलावली, नव्या वखारीला देवाचे पाय लागायला हवे होते ना! पालखी दारी आली की गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घरधन्यासाठी देवाकडे मोठ्यानं मागायचं. प्रत्येक मागण्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय पालखी उचलायची नाही. गाऱ्हाणं घालायचा मान महिपतच्या घराचा. कूळ बोलून बोलून काय बोलणार, अशा खात्रीत खोत उघड्या अंगानं हात जोडून उभे होते.

"म्हाराजा, खोतांची पोरंबाळं सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या बागंत आंबा पिकू दे!"

"व्हय म्हाराजा!"

महिपतचा आवाज चढला. "आन् ह्या ठेसनाखालची जमीन महिपतच्या घामाची हाय. ज्यांनी गिळली, त्यांच्याच हातानं ती माघारी दे!"

ढोलकरी भागोजीनं टिपरू खाली केलं. अंगणात शिव्या घालणारे सगळे शूर आता पायांचे अंगठे न्याहाळत होते.

"पुरं कर गाऱ्हाणं," खोत दात आवळून म्हणाले.

"साथ नाय आली," महिपत म्हणाला आणि पालखीपुढे मांडी घालून बसला.

ऊन कललं. पुढची घरं खोळंबली. लोक चिडले, पण कोणावर? खोतांवर नाही, महिपतवर! "देवाला अडवतोस?" एकजण ओरडला.

"म्या नाय अडवला. तुमच्या शिवलेल्या तोंडांनी अडवलाय!"

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, चिरका आवाज आला. "व्हय म्हाराजा!" काशी होती. गाऱ्हाण्यात बायका बोलत नसत. ती पुन्हा ओरडली, घसा फुटेस्तोवर. भागोजीला लाज वाटली असावी, त्यानं ढोलावर टोला दिला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग दुसरा, तिसरा, आणि मग अख्खा सडा दणाणला.

खोतांचे ओठ हलले.

"मोठ्यानं," महिपत म्हणाला.

"होय महाराजा," खोत म्हणाले. सगळ्या गावानं ऐकलं.

महिपतनं गाऱ्हाणं पुरं केलं. पालखी उठली आणि सुटल्यासारखं वाटून सगळे तिच्यामागे निघाले. महिपत मात्र जागचा हलला नाही. त्यानं खोतांपुढे हात पसरला.

"किल्ली."

"उद्या ये."

"उद्या तुमाला देव आठवायचा नाय, खोतानू. आत्ता."

खोतांनी मान वळवून पाहिलं. पालखी अजून फलाटावरून उतरली नव्हती. त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली.