मेसेज हसनाबादला पोचला

"सर, एकूण एक मेसेज डिलिव्हर्ड!" कॉम्प्युटरसमोरच्या जाधव क्लार्कनं सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवरचं आग्या मोहोळ उठलं होतं. टाकी रंगवायला आलेल्यांच्या शिडीचा धक्का लागला. ते दोघे कसेबसे वॉचमनच्या खोलीत शिरले. मी क्रीडा संचालक, म्हणजे पी.टी.चा सर. शिट्टी माझ्याकडे, म्हणून आपत्ती व्यवस्थापनही माझ्याच गळ्यात.

आग लागली तर मुलांना बाहेर काढायचं असतं. माश्या उठल्या की उलटं, आत कोंडायचं. म्हणून घंटा वाजवू दिली नाही. घंटा झाली की पोरं मैदानात धावतात. मॉक ड्रिलमध्ये मीच तसं शिकवलं होतं! त्याऐवजी बल्क एसएमएस सोडला. एक बटण दाबलं की अ‍ॅडमिशन फॉर्मवरच्या सगळ्या नंबरांना एकच मेसेज जातो. 'मधमाश्या उठल्या आहेत. आत थांबा, दारं-खिडक्या लावा.' खाली माझा नंबर.

मिनिटभरात फोन आला.

"सर, केदारखेड्याहून बोलून राह्यलो. मी तं शेतात हाये. मी कशाच्या आत थांबू?"

"तुम्ही कोण?"

"पूजाचा बाप."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मुलींच्या फॉर्मवर नंबर असतो बापाचा, नाहीतर भावाचा. आमचा इशारा गावोगाव पोचला होता, फक्त मुलींपर्यंत नव्हता.

दुसरा फोन हसनाबादहून. "सर, मी नसरीनचा अब्बा. तुमचा मेसेज आला. तिच्याकडं फोन न्हाई. तिला कोणी सांगितलं का?"

"वर्गात असेल तर काळजी नाही."

"ह्या टायमाला वर्गात न्हाई, सर. टाकीमागच्या कट्ट्यावर डबा खाती. रोज घरी येऊन सांगती. जल्दी बघा!"

मी जिमखान्यातली दोन घोंगडी उचलली.

प्राचार्य दारात आडवे आले. "फायर ब्रिगेडला कळवलंय. ते येईपर्यंत थांबा."

"माश्या थांबतील का, सर?" म्हणून मी निघालो.

नसरीन कट्ट्याला चिकटून बसली होती. ओढणी डोक्यावरून घट्ट ओढलेली, आवाज न करता रडत होती. "पळू नको, हात हलवू नको," म्हणत घोंगडं पांघरलं आणि स्टोअर रूमपर्यंत चालत आणलं. तेवढं अंतर मला कधी इतकं लांब वाटलं नव्हतं. तिच्या मानेत, हातात काटेच काटे. दवाखान्यात इंजेक्शन झालं. संध्याकाळपर्यंत सूज उतरू लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "धोका टळला."

तिचे वडील आले ते शिलाईवरून तसेच उठून. टेप गळ्यातच होती. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी माझा सुजलेला हात दोन्ही हातांत धरला. "सर, तुमचा मेसेज आल्ता म्हणून पोरगी वाचली. लई शुक्रिया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या चुकीचे आभार मानत होता हा माणूस!

"शेखभाई, तो मेसेज हिला यायला पाहिजे होता."

"मंग हिच्याकडं फोन कुठंय, सर?"



पुढच्या आठवड्यात वर्गावर्गात स्पीकर बसवले. फॉर्ममध्ये रकाना वाढवला, विद्यार्थिनीचा स्वतःचा नंबर. फोन नसेल तर वर्गमैत्रिणीचा. नसरीननं मैत्रिणीचा लिहिला, पण वडिलांचा खोडायला निघालो तेव्हा म्हणाली, "अब्बांचा राहू द्या, सर. मी कुठं बसते हे कॉलेजात कुणाला माहीत होतं?"

दोन्ही नंबर ठेवले. त्यानंतर रोज दुपारच्या सुट्टीत कॅम्पसला एक चक्कर मारायची सवय लावून घेतली.

रिटायर होताना नव्या सरांना चार्ज दिला. एसएमएसचा पासवर्ड सांगितला, स्पीकरच्या किल्ल्या दिल्या आणि म्हटलं, "कोण पोर कुठं बसून डबा खातं, तेवढं बघून ठेवा." पासवर्ड त्यांनी लगेच लिहून घेतला.