दौलताबादच्या घाटात टेकलेला पाय

आमची सूनबाई रविवारी सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर जाते. टोळीत एक दातांचा डॉक्टर, एक वकील, बँकेतले दोन-तीन साहेब. लाख लाखाच्या सायकली, पण एकीला स्टँड नाय, कॅरियर नाय, मडगार्ड नाय, घंटी नाय. चहाला थांबले की आधी टेकवायला भिंत शोधत फिरतात. जिच्यावर दळणाचा डबा ठेवता येत नाय, ती सायकल कशाची?

त्या टोळीनं फोनवर एक फेरी टाकली. उस्मानपुऱ्यातून निघायचं, दौलताबाद, घाट चढून खुलताबाद, सुलीभंजनच्या बाजूनं जंगल, खेडी, मग जटवाडा, हर्सूल आणि दिवस मावळायला घरी. खाली लिहिलेलं, मॉडरेट. हे काय म्हणून मी सूनबाईला विचारलं. मध्यम, मामा, ती म्हणाली, लई अवघड नाय आणि लई सोपं पण नाय.

मला हसू आलं. शहागंजातल्या बेकरीची खारी, टोस्ट, नानकटाई पत्र्याच्या पेटीत भरायची, पेटी कॅरियरला दोरीनं आवळायची आणि ह्याच फेरीवर निघायचं, आठवड्यातून दोनदा. त्यावर मी घर चालवलं, पोराला इंजिनियर केलं. तेव्हा कुणी तिला मध्यम म्हटलं नाय. धंदा म्हणायचे.

ती काळी सायकल अजून आहे. खाली पार्किंगमध्ये उभी असते. पोराला ती खुपते. जागा अडवते म्हणतो, तुमचे गुडघे गेले म्हणतो, भंगारात देऊन टाकू म्हणतो. एकदा शेजाऱ्यांसमोर बोलला, बाबांचा घाट आता फक्त गप्पांतच राहिलाय. दौलताबादचा घाट मी पेटीसकट चढायचो, हे मी घरात हजारदा सांगितलेलं. ते असं शेजाऱ्यांच्या हसण्यावारी गेलं. माझं टाळकं फिरलं.

"ह्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जातो," मी म्हणालो. "घाटात पाय टेकला, तर सायकल मीच भंगारात नेऊन देतो."

टोळीचाच नियम तो. घाटात पाय जमिनीला लागला की त्यांच्यात तो चढ धरत नाहीत.

"शब्द?" पोरानं विचारलं.

"शब्द."

रविवारी पहाटे सगळे जमले. डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारख्या टोप्या, आणि चड्डीत गादी शिवलेली. बूड एवढं जपायचं तर घरी गादीवरच बसावं की. दर कोसाला फोन काढून बघायचे. फोनमध्ये रेघ उमटली तर सायकल चालवली, नाय उमटली तर चालवलीच नाय, असा त्यांचा हिशेब. वकील माझ्या सायकलीभोवती फिरला आणि म्हणाला, काका, व्हिंटेज आहे. मी म्हटलं नाय, माझी आहे.

दौलताबादला किल्ल्यासमोर फोटो झाले, सीताफळवालीशी घासाघीस झाली. मग जुन्या दरवाजाच्या कमानीतून रस्ता पुढं गेला आणि घाट लागला. टोळी पायडलवर उभी राहून पुढं पळाली. सूनबाई मागं रेंगाळत होती, तिला मी हातानंच खुणावून पुढं पाठवलं.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर गुडघ्यात कळ आली, सायकल डुलायला लागली. आणि माझा उजवा हात हँडल सोडून मागं गेला. पेटी शोधायला.

तेव्हा मला आठवलं. हा घाट मी जन्मात कधी सायकलवर बसून चढलोच नव्हतो. एवढं ओझं घेऊन कोण चढेल? पायथ्याला उतरायचं, एक हात हँडलला, एक पेटीवर, आणि चालायचं. दूधवाले, भांडीवाले, सगळे तसंच करायचे. त्यात लाज नव्हती. पण चढायचो, चढायचो, असं सांगता सांगता त्यातलं चालणं कुठं गळून पडलं, मला कळलंच नाय. माझी थाप मीच खरी मानून बसलो होतो.

मी उतरलो. पुढं पाहिलं, मागं पाहिलं. कुणी नव्हतं. चोरासारखा चालत राहिलो आणि शेवटच्या वळणाआधी परत टांग टाकली. वर टोळीनं टाळ्या वाजवल्या. सूनबाईनं पाण्याची बाटली पुढं केली, म्हणाली, मामा, मानलं तुम्हाला. मी ते पाणी प्यालो.

खुलताबादला चहाला थांबलो. हॉटेलवाला माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. तेव्हा काळी दाढी होती, आता पांढरी. त्यानं मला ओळखलं.

"क्या खारीवाले चाचा, आज बैठ को आए?" तो म्हणाला. "तुम तो घाट हमेशा पैदलच चढते थे, पेटी पे हाथ रख को."

डॉक्टर आणि साहेब फोनमधल्या रेघा एकमेकांना दाखवण्यात गुंग होते. सूनबाईचा कप मात्र हातातच थांबला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खारी चहात बुडवली.

पुढं जंगल लागलं. पळस, धावडा, सीताफळीची झुडपं. टोळी 'निसर्ग, निसर्ग' करत चाललेली. एका खेड्यात त्यांनी शेळीचे फोटो काढले. शेळीचे. नळावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, बरोबरच हसत होत्या. पण मला त्या दिवशी टोळीला हसायची सोय राहिली नव्हती. सूनबाई माझ्या शेजारून हळूहळू चालवत होती. तिनं टोमणा मारला असता तर माझ्याकडं दहा उत्तरं होती. जटवाडा गेला, हर्सूल गेलं, तरी ती आपली शेजारूनच.

पोरगा गेटवरच उभा होता. त्यानं तिलाच विचारलं, टेकला का पाय?

"मी पुढं होते," ती म्हणाली. "मला नाय दिसला."

खोटं बोलली नाय. पोरगा हसला, म्हणाला, मग राहू द्या सायकल. मी वर गेलो, पाय धुतले, समोर चहा आला. मी कप बाजूला सारला.

"टेकला," मी म्हणालो. "अर्धा घाट चालत आलो. आणि पेटी घेऊन पण चालतच चढायचो. एकदा पण बसून नाय."

पोरगा म्हणाला, असू द्या हो बाबा, कोण बघतंय, राहू द्या सायकल. लहान लेकराला समजवावं तसं. मला भांडलेलं चालतं, हरवलेलं चालतं. असलं 'असू द्या' मी कुणाच्या बापाचं घेतलं नाय, पोराचं काय घेणार?

सकाळी सायकल पुसून बाहेर काढली. सूनबाई गेटपर्यंत आली.

"मामा, पुढच्या रविवारी माझी सायकल घ्या."

"तिला कॅरियर नाय."

"बसवून घेऊ."

एक हात हँडलला, एक कॅरियरवर ठेवला आणि शहागंजच्या भंगारवाल्याकडं निघालो. वाटेत घाट नव्हता. तरी बसलो नाय.