मुद्देमाल: एक इंजिन

जालन्यात भंगाराच्या ट्रकचं कुणाला नवल नाही. लोखंडाच्या भट्ट्यांकडे जाणारी त्यांची रांग मी रोज सकाळी फिरायला निघालो की बघतो. एखाद्या ट्रकमधून मोठं चाक डोकावताना दिसलं, की एक जुना तपास आजही आठवतो आणि माझे पाय आपोआप थांबतात. सोबतचे मित्र हसतात आणि म्हणतात, "साहेब, ड्युटी संपली आता." संपली हे खरंच आहे, पण चाक कशाचं आहे ते बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

नोकरीत मी चोरीच्या नाना तऱ्हा पाहिल्या. विहिरीवरची मोटार, रोहित्रातलं तांबं, शेळ्या, आणि एकदा तर ऐन लग्नात आचाऱ्याची कढई. पण रेल्वेचं इंजिन चोरीला गेल्याची फिर्याद आयुष्यात एकदाच आली.

मी तेव्हा परतूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्याचे दिवस होते. ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला आणि नको तितका गंभीर चेहरा करून उभा राहिला.

"साहेब, इंजन चोरीला गेलंय म्हणतेत."

"ट्रॅक्टरचं?"

"न्हाई साहेब. रेल्वेचं. अख्खं."

बाहेर दोन शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी त्यांना कामाला लावलं आणि फिर्यादीला आत बोलावलं.

फिर्यादी पुण्याहून आलेला तरुण व्यवस्थापक होता. आमच्या हद्दीत कापसाची एक जुनी जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी बंद पडून होती. त्याच्या कंपनीनं ती जागेसकट विकत घेतली होती, तिथे गोदाम बांधायचं होतं. या फॅक्टरीपासून रेल्वे स्टेशनापर्यंत पूर्वी तिची स्वतःची छोटी लाईन होती. कापसाच्या गाठी भरलेले डबे त्या लाईनीवरून स्टेशनात जायचे. ते डबे ओढायला मालकानं डिझेलवर चालणारं चार चाकांचं लहान इंजिन घेतलं होतं. पुढे मुख्य रेल्वेमार्गाचे रूळ अरुंदाचे रुंद झाले आणि फॅक्टरीची लाईन जिथल्या तिथे निकामी झाली. इंजिन शेडमध्ये अडकून पडलं ते पडलंच. आता जुनी यंत्रं भंगारवाल्याला द्यायची ठरली. तो गॅस कटर घेऊन आला, तेव्हा शेड रिकामी होती.

"चौकीदाराशिवाय कुणाकडे किल्ली नव्हती," व्यवस्थापक म्हणाला. "त्यानंच विकलं. तुम्ही फक्त त्याच्याकडून कबूल करून घ्या."

कबूल काय करून घ्यायचं, हे फिर्यादीनं सांगायला लागलं की मला राग येतो. पण किल्लीचा मुद्दा खोटा नव्हता. मी गुन्हा दाखल केला, शेडचा पंचनामा केला. शेडबाहेर जड वाहनाच्या चाकांचे खोल चर होते, पावसानं अर्धे बुजलेले. कुलूप तोडलेलं नव्हतं, म्हणजे ते किल्लीनंच उघडलं होतं. चौकीदाराला अटक झाली आणि न्यायालयानं पोलीस कोठडी दिली.

माझ्या खबऱ्यानं पहिली बातमी आणली. एक हायड्रा क्रेन आणि एक ट्रेलर भर दुपारी फॅक्टरीतून निघाला होता, वर ताडपत्री होती. लोकांना वाटलं, भंगारवालाच असेल. ट्रेलर जालन्याच्या दिशेनं गेला होता. आमच्याकडे लोखंड जालन्याच्या दिशेनं गेलं म्हणजे त्याचं पुढे काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही भट्ट्या पालथ्या घातल्या, भंगाराचे वाडे धुंडाळले. इंजिन सोडाच, त्याचा एक बोल्टही मिळाला नाही.

चौकीदार पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत माणूस होता. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या ओट्यावर बसून राहायची. व्यवस्थापकानं फॅक्टरीतल्या त्यांच्या खोलीला कुलूप लावलं होतं, भांडीकुंडी बाहेर काढली होती. ती एकदा मला म्हणाली, "साहेब, गावात पाणी भराया गेले की बाया घागर बाजूला सरकवून घेतेत. चोराची बायको म्हणतेत. तीस वर्सं राखण केली ह्या मानसानं, एक बोंड घरी आणलं न्हाई." मी तिथून निघालो. आत जाऊन चौकीदारासमोर बसलो.

"किल्ली कुणाला दिली?"

"मी इकलं न्हाई साहेब."

"ते मी विचारलं नाही. किल्ली कुणाला दिली?"

"बिलकुल इकलं न्हाई." आणि मग तोंडात मूग.

चौकशीचा माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो, मुलाबाळांच्या शपथा घेतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा बोलत नव्हता, रडत नव्हता आणि कुणाचं नावही घेत नव्हता. त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. तो बायकोचा डबा मात्र शेवटच्या घासापर्यंत खायचा. दोषी माणसाला असं जेवण जात नाही.

असाच एकदा मी उठून निघालो, तेव्हा त्यानं मागून आपणहून विचारलं, "साहेब, पोळा कधी हाये?"

"का? बैल आहेत तुझ्याकडे?"

"न्हाई. आसंच इचारलं."

त्याच्याकडे बैल नव्हते, शेत नव्हतं, दारात कुत्रंही नव्हतं. कोठडीतली माणसं जामीन कधी, तारीख कधी, हे विचारतात. सण विचारणारा मी हाच पाहिला. तो प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा अडकला.

त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरहून एक निवृत्त बँक अधिकारी ठाण्यात आले. वर्तमानपत्रात इंजिनचोरीची बातमी वाचून ते पहाटेच्या गाडीनं निघाले होते. या गृहस्थांना एक विलक्षण नाद होता. साखर कारखाने, जिनिंग, दगडाच्या खाणी अशा खासगी छोट्या लाईनींवरच्या इंजिनांचे इतिहास ते लिहून ठेवत. कोणतं इंजिन कुठं घडलं, कुणी कुणाला विकलं, कोणत्या लाईनीवर किती राबलं, सगळं. आमच्या या इंजिनाचा पूर्वेतिहास त्यांनी मला तिथेच सांगितला. ते आधी एका दगडाच्या खाणीत होतं. खाण संपल्यावर जिनिंगच्या मालकानं ते घेतलं, कारण कोळशाच्या इंजिनाची ठिणगी कापसाजवळ परवडणारी नव्हती.

"मोठ्या रेल्वेच्या इंजिनांची नोंद सरकार ठेवतं साहेब," ते म्हणाले. "या धाकट्यांना कुणी विचारत नाही. आणि माझ्याकडच्या प्रत्येक इतिहासाचं शेवटचं वाक्य एकच असतं, भंगारात काढलं. हे एक वाचेल अशी आशा होती." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. एका इंजिनासाठी रडणारा माणूसही मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगतो, मला हसू आलं नाही.

मुद्देमालाची ओळख पटवायला म्हणून त्यांनी जुने फोटो आणले होते. मी ते एकेक करून पाहू लागलो आणि एका फोटोवर थबकलो. इंजिनाच्या कपाळावर लाकडाची दोन शिंगं बांधली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्याच्या जागी घुंगरांचा पट्टा, आणि अंगभर गेरूचे ठिपके. एक बाई ओवाळत होती.

"हे काय?"

"तो पोळा," ते म्हणाले. "इथले कामगार इंजिनाचा पोळा करायचे. म्हणजे झालं असं की, इंजिन येण्याआधी डबे बैल ओढायचे. इंजिन बैलांच्या जागी आलं, म्हणून बैलांचा मान इंजिनाला. तांबड्या म्हणायचे त्याला. लाईन बंद झाल्यावरही त्यांनी सोडलं नाही. मी हे माझ्या टिपणात घेतलं नाही, तांत्रिक माहिती नाही म्हणून."

मी फोटो खाली ठेवला आणि कोठडीच्या दिशेनं बघितलं.

फोटोत कासरा धरावा तसा इंजिनाचा दांडा धरून उभा असलेला माणूस म्हणजे फॅक्टरीचा जुना ड्रायव्हर. तरुणपणी तो बैलांच्या जोडीमागे चालायचा, पुढे इंजिनावर बसला. आता पंचाहत्तरीला टेकलेला, जालन्याच्या वाटेवरच्या जवळच्याच खेड्यात कोरडवाहू शेत राखून होता. मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. त्यानं बाज टाकली, चहा दिला.

"मामा, तांबड्या चोरीला गेला, ऐकलं का?"

"ऐकलं. गेलं आसंल भट्टीत. जुनं लोखंड, कोन ठिवतंय?"

चहा पिता पिता मी त्याच्याकडे बघत होतो. ज्यानं आयुष्य त्या इंजिनावर काढलं, त्यानं मला 'कुठं शोधलं, कुणाला धरलं' असं काही म्हणजे काही विचारलं नाही. मेलेल्याची चौकशी कुणी ना कुणी करतंच. न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं. मी त्याला तिथेच उचलू शकलो असतो. पण चौकीदाराचा प्रश्न आठवला आणि ठरवलं, पोळ्यापर्यंत थांबू. तो आता तोंडावरच आला होता.

पोळ्याच्या दिवशी गावागावांत बंदोबस्त असतो, बैल पुढे कुणाचा यावरून डोकी फुटतात. तो लावून मी एका हवालदाराला घेऊन ड्रायव्हरच्या शेताकडे गेलो. बांधाशी लिंबाचं झाड होतं. त्याच्या पलीकडे, मुरमाच्या जुन्या खड्ड्याच्या जागी, नवी माती चढवून मोठा ढीग केला होता. ढिगाभोवती चुना लावलेले दगड, वर झेंडूच्या माळा आणि लाकडाची तीच दोन शिंगं. जुने सात-आठ कामगार टोप्या काढून उभे होते. ड्रायव्हरची बायको पुरणपोळीचा निवद ठेवत होती.

आम्हाला बघून कुणी पळालं नाही. ड्रायव्हरनं नमस्कार केला.

"या साहेब. पोळा पुरा होऊ द्या, मंग चला."

"हे काय केलं मामा?"

"आमच्या बापानं थकलेला बैल कधी खाटकाला दिला न्हाई. ते बघा, त्या लिंबाखाली डबे वढनारी जोडी हाये. दोगंबी हितंच पुरले. मंग ह्यालाच कटरनं कापू देऊ का? समद्यांनी वर्गणी काढून क्रेन आन् ट्रेलर आनला, चौकीदारानं कुलूप उघडलं. बैल पुरताना मीठ घालतो. ह्याला मिठानं जंग चढला आसता, म्हनून ग्रीस लावलं, ताडपत्रीत गुंडाळला." त्यानं ढिगावरची माळ सरळ केली. "मालक जित्ते व्हते तव्हा म्हनले व्हते, तांबड्या तुमचाच हाये. कागद न्हाई केला त्यांनी. आमाला तरी कुठं ठावं, कागद लागतो म्हनून."

"आणि तिकडे एक माणूस तुमच्यापायी कोठडीत बसलाय. त्याची बायको माझ्या ओट्यावर रडतीय."

मला तेव्हा खरोखर संताप आला होता. म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "मी पहिल्याच दिशी येत व्हतो साहेब. त्यानंच निरोप धाडला, बायकोच्या हाती. पोळा होऊ द्या म्हनला, न्हाईतर पोलीस उकरून नेतेन आन् तांबड्याचा पोळा चुकंल. मी उद्या सकाळीच ठान्यात येनार व्हतो. इचारा हिला."

त्याच्या बायकोनं लिंबाच्या फांदीला अडकवलेली कापडी पिशवी दाखवली. त्यात एक धोतर, सदरा, तंबाखूची डबी आणि औषधाच्या गोळ्या होत्या. तुरुंगात जायची तयारी इतकी नीट केलेला आरोपी मी पुन्हा पाहिला नाही. मला त्या पिशवीकडे फार वेळ बघवलं नाही.

कायद्यात माया बसत नाही, पंचनामा बसतो. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर जेसीबी लावून इंजिन वर काढलं. ताडपत्री उलगडली, तेव्हा आत ते ग्रीसनं चकचकीत, कपाळावर हळद-कुंकू तसंच. बँकवाले गृहस्थ चिखलात गुडघे टेकून त्याच्यावरचा नंबर रुमालानं पुसत बसले होते. पुण्याचा व्यवस्थापकही आला होता. चौकीदारानं इंजिन विकलं नव्हतं, हे सिद्ध झालं. तो जामिनावर सुटला, तेव्हा ड्रायव्हरचा जबाब नुकताच संपला होता. दोघं ठाण्याच्या दारात समोरासमोर आले. चौकीदारानं विचारलं, "निवद दावला?"

"दावला," म्हातारा म्हणाला आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. चौकीदाराची बायको रिकामा डबा घेऊन ओट्यावरून उठली.

पुढे मूळ मालकाच्या मुलानं कोर्टात येऊन वडिलांचा शब्द खरा असल्याचं सांगितलं. अप्रामाणिक हेतू शाबीत झाला नाही आणि ड्रायव्हर आणि चौकीदार दोघंही निर्दोष सुटले. पण इंजिन कुणाचं, कंपनीचं, भंगारवाल्याचं की कामगारांचं, हा दिवाणी वाद उभा राहिला. दिवाणी वाद आपल्याकडे किती चालतो हे सांगायला नको. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जिथे आहे तिथेच राहणार, असा आदेश झाला. ठाण्याच्या आवारात, जप्त मोटारसायकलींच्या शेजारी, तांबड्या उभा राहिला. मुद्देमालाला कटर लावायची कुणाची हिंमत नाही. कोर्टाच्या विलंबाचे आभार मानणारी माणसं मी तेवढीच पाहिली.

बँकवाल्या गृहस्थांनी मला त्यांच्या लेखाची प्रत पाठवली होती. त्यात पोळ्याचा तो फोटो होता आणि शेवटचं वाक्य वेगळं होतं: "सध्या पोलीस ठाण्यात, मुद्देमाल म्हणून सुखरूप."

माझी बदली झाली, मग निवृत्ती आली. ड्रायव्हरमामा आता नाहीत. गेल्या पोळ्याला त्या ठाण्यातल्या हवालदारानं फोनवर एक फोटो धाडला. तांबड्याच्या अंगावर गेरूचे ठिपके, कपाळावर तीच शिंगं, आणि शेजारी तो किडकिडीत चौकीदार ताट धरून उभा. मागे दोन शिपाई पुरणपोळी खात होते.

या तपासानं मला एक गोष्ट शिकवली, आणि नव्या अधिकाऱ्यांना मी ती आवर्जून सांगतो. कोठडीत गप्प बसलेला माणूस दरवेळी गुन्हाच लपवत असतो असं नाही. कधी कधी तो फक्त कुणाचा तरी सण पार पडायची वाट बघत असतो.